परसबागेतील उटकटारी

उन्हाळा लागताच टँकरची वाट पाहणाऱ्या गावात फुलझाडांचा विषय काढणे काहीसे धाडसाचेच म्हटले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्याचा (2024 पर्यंत अहमदनगर) फार मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु तोच पाऊस पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांपर्यंत पोहोचेतो पार दुबळा झालेला असतो. 1972 च्या दुष्काळाचे चटके सोसलेली पिढी या भागात आजही आहे. येथील गृहिणी गुलाबाच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतण्यापूर्वी रांजणात डोकावून पाहते. तिने अंगणात फुले लावूच नयेत काय? तसे नव्हे. मात्र फुलझाडाची निवड करताना पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकेकडे न पाहता आपल्याच माळरानाकडे पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

या माळरानावर, पडीक शेतात आणि रस्त्याच्या कडेला पावसाळा ओसरल्यावर एक काटेरी झुडूप डोके वर काढते. त्याची उंची हातभर ते कमरेएवढी असते. पाने खोलवर कातरलेली, कडांना तीक्ष्ण काटे, पानाची खालची बाजू कापूस लावल्यासारखी पांढुरकी. थंडी पडू लागली की फांद्यांच्या शेंड्यावर लिंबाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, अगदी वाटोळे, पांढरट गोंडे येतात. हीच उटकटारी. कोणी तिला उंटकटारा म्हणतात, तर कोणी काटेचुंबक. उंट ही वनस्पती काट्यांसकट खातो, त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. संस्कृतातील 'उत्कंटक' या नावात तर काटाच पुढे आलेला आहे. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव एकिनॉप्स एकिनाटस असे असून ते विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलेले आहे. 'एकिनॉप्स' म्हणजे अंगभर काटे असलेल्या, साळिंदरासारख्या पण लहान प्राण्याप्रमाणे दिसणारी. याच कुळातील निळ्या गोंड्यांच्या जाती युरोपातील उद्यानांत हौसेने लावल्या जातात. त्या थंड हवामानातील असल्याने आपल्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा निभाव लागणे कठीण. आपली पांढरी उटकटारी मात्र या उन्हाची आणि या मुरमाचीच लेक आहे.

शेतकरी कुटुंबाला हे रूप अगदीच अनोळखी वाटू नये. रब्बी ज्वारीच्या कडेने गुरे आत शिरू नयेत म्हणून जी करडई पेरण्याची रीत आहे, ती करडई उटकटारीची जवळची नातलग. दोघींची मुळे जमिनीत सरळ खोल जातात, दोघींना काटे आहेत आणि दोघीही थोड्या ओलीवर भागवतात. गोंड्याचा आकार बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या गोंड्याची आठवण करून देतो; पण रचना अगदी निराळी. झेंडू किंवा शेवंतीचे फूल हे एकच फूल नसून अनेक लहान फुलांचा समूह असतो आणि त्या सर्वांना मिळून हिरव्या छदांची एकच वाटी असते. उटकटारीत मात्र प्रत्येक सूक्ष्म फुलाला स्वतःची स्वतंत्र वाटी असते आणि अशी असंख्य बिऱ्हाडे एका गोलावर दाटीने बसलेली असतात. यांपैकी काही वाट्यांचे छद लांबून त्यांचे काटे होतात. हा गोल वरून खाली फुलत जातो. माथ्यावरची फुले आधी उमलतात, तळाची शेवटी. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी साधे भिंग घेऊन हा गोंडा मुलांना अवश्य दाखवावा. संमिश्र फुलाचा पाठ फळ्यावरील आकृतीपेक्षा त्यावरून लवकर समजेल.

बी धरण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. पिवळा धोत्रा हीदेखील काटेरी वनस्पती असून ती याच पडीक जागांवर वाढते. मूळची ती अमेरिकेतील. तिची पाने निळसर हिरवी असून शिरांवर पांढरे पट्टे असतात, फूल पिवळे असते आणि पान मोडताच पिवळा चीक निघतो. उटकटारीला असा पिवळा चीक नसतो. धोत्र्याचे बी मोहरीसारखे काळे व बारीक असते आणि ते विषारी आहे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाल्याने जलशोथाची मोठी साथ उद्भवली व अनेकांना प्राणास मुकावे लागले. तेव्हा फुलोऱ्यात असताना झाड नीट ओळखून त्याच्या बुंध्याला चिंधी बांधून ठेवावी आणि बी त्याच झाडाचे घ्यावे. केवळ काट्यांवरून केलेली ओळख भरवशाची नाही.

गोंडे वाळून तपकिरी झाले आणि बोटाच्या दाबाने सुटे होऊ लागले की बी तयार झाले असे समजावे. हातांना जाड गोणपाट गुंडाळून, गोंड्याखाली सूप किंवा घमेले धरून विळ्याने देठ कापावा. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून मात्र बी अथवा झाड आणू नये. परवानगीवाचून असे करणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. बांधावर आणि गावठाणाच्या पडीक जागेत उटकटारी हवी तेवढी मिळते. गोंडे दोन दिवस सावलीत वाळवून काठीने हलके बडवावेत. प्रत्येक फळ केसाळ व लांबट असते. नखाने दाबल्यावर जे चपटे होते ते पोकळ समजून टाकून द्यावे. अशी पोकळ फळे पुष्कळ निघतात, म्हणून बी गरजेच्या तिप्पट-चौपट गोळा करावे. कडधान्य साठवताना घरोघरी वापरतात तीच राखेची रीत येथेही चालते. कापडी पिशवीत बी व थोडी कोरडी राख घालून ती पिशवी मडक्यात ठेवावी.

पेरणी मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर करावी. येथे नवशिक्याचा हात हटकून चुकतो तो रोप उपटून दुसरीकडे लावण्यात. उटकटारीचे सोटमूळ लहानपणीच खोल जाते आणि ते दुखावले की रोप सहसा सावरत नाही. म्हणून जेथे झाड हवे तेथेच बी टोकावे. ते शक्य नसेल तर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा तळ कापून, त्या माती-वाळूने भरून, उभ्या रचून त्यांत पेरावे आणि चार-सहा पाने आल्यावर मातीचा गोळा न फोडता पिशवीसह खड्ड्यात ठेवून मग पिशवी चिरून काढावी. एका ठिकाणी तीन-चार बिया, बोटाच्या एका पेराहून कमी खोल, आणि दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर. रानटी बियांना शेतातील बियाण्यासारखी एकाच वेळी उगवण्याची सवय नसते. काही लवकर उगवतील, काही उशिरा, काही मुळीच नाहीत. पंधरवड्यात काही दिसले नाही म्हणून वाफा उकरू नये. रोपे वर आल्यावर जोमदार ते एक ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्याचे मूळ हलते.

जमिनीविषयी मात्र जिल्ह्यात सरसकट एक सल्ला देता येत नाही. पारनेर आणि संगमनेरच्या पठारावरील हलक्या मुरमाड जमिनीत काहीही न करता बी पेरावे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या कालव्याखालील भागातील भारी काळ्या जमिनीत पाणी साचते आणि मूळ कुजते. तेथे वीतभर उंच गादीवाफा करून त्यात निम्मा मुरूम व जाड वाळू मिसळावी. शेणखत पसाभर पुरे. खताचा व पाण्याचा लाड झाला की झाड माजते, लोळते आणि गोंडे कमी धरते. पावसाने मोठी ओढ दिली तरच आठवड्यातून एकदा भांडी विसळलेले पाणी द्यावे. साबणाचे देऊ नये. दिवाळीनंतर, मुळे खोल गेल्यावर, तेही द्यावे लागत नाही. जागा मात्र भर उन्हाची हवी.

येथवर वाचून एखादा शेतकरी वाचक रागावला असेल, तर त्याचा राग रास्त आहे. जे तण तो खुरप्याने काढतो, ते आम्ही अंगणात लावायला सांगत आहोत! उटकटारी बेसुमार वाढलेली दिसते ती मुख्यतः अतिचराईच्या जमिनीवर. जनावरे चांगले गवत खातात, काटेरी झाड टाळतात आणि वर्षानुवर्षे हे चालले की माळ काट्यांच्या स्वाधीन होतो. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी केली, तीमागे गवताला पुन्हा संधी देण्याचाच विचार होता. हा दोष लक्षात घेऊनच आमचे मत असे की, परसबागेत दोन किंवा तीनच झाडे असावीत, ती कुंपणालगत असावीत आणि लहान मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नसावीत. बियाण्यासाठी एक गोंडा राखून बाकीचे सर्व सुटे होण्यापूर्वी कापावेत. शेजाऱ्याची कांद्याची किंवा हरभऱ्याची जमीन अंगणाला लागून असेल, तर त्याला विचारल्याशिवाय हे झाड लावूच नये. ज्यांना काटा नकोच असेल त्यांनी ऑक्टोबरात बिनकाट्याच्या करडईचे चार दाणे टोकावेत. कोवळ्या पानांची भाजी होईल आणि केशरी फुलेही मिळतील.

आयुर्वेदात उटकटारीच्या मुळाचा औषधी उपयोग सांगितला आहे आणि खेड्यापाड्यांतून बाळंतपणाच्या वेळीही ते वापरले गेल्याचे आढळते. अंगणात झाड आहे म्हणून घरच्या घरी असे प्रयोग कदापि करू नयेत. गरोदर स्त्रीला कोणतीही मुळी वा काढा देऊ नये. तिला वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

गोंडे फुलू लागले की सकाळच्या उन्हात मधमाश्या त्यांवर गर्दी करतात. घरात ठेवण्यासाठी गोंडा हवा असेल तर माथ्यावरची फुले उमलण्याच्या थोडे आधी, लांब देठासह कापावा, पाने काढून टाकावीत आणि देठ सुतळीने बांधून हवेशीर सावलीत उलटा टांगावा. दोन-तीन आठवड्यांत तो कडक वाळतो. एरवी फुलदाणीत रोज पाणी बदलावे लागते. या गोंड्याला पाण्याचा थेंबही लागत नाही, आणि पुढच्या मृगापर्यंत तो तसाच राहतो.