एक छत्री, दोन संच

गच्चीवर बसवलेली छत्री ही आता भारतातील खेड्यापाड्यांतही नवलाची वस्तू राहिलेली नाही. पन्नास वर्षांपूर्वी मात्र ती पाहायला लोक लांबून येत. १ ऑगस्ट १९७५ रोजी अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने ‘साइट’ हा प्रयोग भारतात सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडलेली होती. प्रत्येक खेड्यात सुमारे तीन मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची एक छत्री, तिला जोडलेला एक संच आणि त्या संचासमोर सगळे गाव, असे ते चित्र होते. काय पाहायचे हा प्रश्नच तेव्हा नव्हता. जे दिसेल ते सर्वांनी पाहायचे.

आज तो प्रश्न घरात शिरला आहे. दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही थेट घरापर्यंत पोहोचणारी सेवा सुरू केली. पुढे तिला ‘डीडी फ्री डिश’ हे नाव मिळाले. या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि संच एकदा विकत घेतला की झाले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिचा आणखी एक उपयोग झाला. गल्लीतला केबलवाला मराठी वाहिनी देवो वा न देवो, ‘सह्याद्री’ वाहिनी घरबसल्या दिसू लागली.

समजा, इंदूरमधील अशाच एका घरात आजी पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण दिवाणखान्यापर्यंत चालत येणे बंद झाले. त्यांची खाट मागच्या खोलीत आहे. जुना दूरचित्रवाणी संच त्या खोलीत नेऊन ठेवता येईल, परंतु त्यावर दिसणार काय? सेट टॉप बॉक्स बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे नातवंडांचा क्रिकेटचा सामना चालू आहे. संध्याकाळच्या मराठी बातम्या हा आजींचा दिवसातला एकमेव ठरलेला कार्यक्रम. घरातील मुलगा बाजारातून दुसरा बॉक्स आणतो, सोबत दोन तोंडांचा एक छोटा जोड आणतो, छत्रीकडून आलेली वायर दोन्ही बॉक्सना वाटून देतो. दोन्ही संच सुरू होतात. थोड्या वेळाने बाहेर कोणी वाहिनी बदलते आणि आजींचा पडदा काळा होतो.

असे का झाले, हे समजल्याशिवाय दुरुस्ती करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

वायरीतून काय जाते?

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीबरोबर ते त्याच वेगाने फिरतात, म्हणून आकाशात एकाच जागी स्थिर असल्यासारखे भासतात. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याच्याकडून येणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण असतात. छत्री त्या एका बिंदूत गोळा करते आणि त्या बिंदूवर, छत्रीसमोरच्या दांड्याच्या टोकाला, एक लहानसे यंत्र बसवलेले असते. दुकानदार त्याला एलएनबी म्हणतात. आकाशातून आलेल्या लहरींची वारंवारता इतकी उच्च असते की साध्या वायरीतून त्या काही मीटरही नीट जाणार नाहीत. एलएनबी त्यांची वारंवारता उतरवते, त्यांना बळ देते आणि मग वायरीतून घरात पाठवते.

इथपर्यंतचा प्रवास वरून खाली आहे. परंतु त्याच वायरीतून खालून वरही काही जात असते, आणि इथेच या पाठाचा खरा मुद्दा आहे. एलएनबीला विजेची स्वतंत्र जोडणी नसते. बॉक्सच तिला वायरीतून वीज पुरवतो, आणि त्या विजेच्या दाबानेच हुकूमही देतो. उपग्रहावरून लहरी दोन प्रकारे पाठवलेल्या असतात: उभ्या आणि आडव्या. बॉक्सने १३ व्होल्ट दिले तर एलएनबी उभ्या लहरी घेते, १८ व्होल्ट दिले तर आडव्या. याखेरीज वारंवारतेचा वरचा पट्टा हवा असल्यास बॉक्स २२ किलोहर्ट्झचा एक सूक्ष्म संकेत त्यात मिसळतो. साधी एलएनबी एका वेळी एकच हुकूम पाळू शकते. दोन बॉक्स एकाच वायरीवर बसवले की तिला दोन धनी होतात; जो जास्त दाब देतो त्याचे चालते आणि दुसऱ्याच्या पडद्यावर अंधार पसरतो. दोन्ही संचांवर पाहायच्या सर्व वाहिन्या एकाच प्रकारच्या आणि एकाच पट्ट्यातल्या असतील, तर तो दोन तोंडांचा जोडही काम देतो. म्हणूनच एका घरी तो चालतो, शेजारच्या घरी चालत नाही, आणि दुकानदाराला विनाकारण बोल लागतो.

काही बॉक्सना मागे दोन तोंडे असतात: एकात छत्रीची वायर येते, दुसऱ्यातून ती पुढच्या बॉक्सकडे नेता येते. पण पहिला बॉक्स चालू असताना हुकूम त्याचाच चालतो. आजींनी नातवंडांच्या झोपण्याची वाट पाहावी, असाच त्याचा अर्थ होतो.

खरा उपाय म्हणजे दुहेरी एलएनबी. तिला दोन तोंडे असतात आणि प्रत्येक तोंड आपापल्या बॉक्सचे स्वतंत्रपणे ऐकते. छत्री तीच राहते. विकत घेताना जुन्या एलएनबीवर छापलेले आकडे (बहुधा ९७५० आणि १०६००) नव्या एलएनबीवरही आहेत ना, हे पाहून घ्यावे. शुल्क आकारणाऱ्या सेवेचे ग्राहक असल्यास मात्र केवळ जोडणी करून भागत नाही. दुसऱ्या बॉक्ससाठी त्या सेवेकडून वेगळी नोंदणी करून घ्यावी लागते.

गच्चीवर चढण्यापूर्वी

दोन्ही बॉक्सचे प्लग भिंतीवरून काढून ठेवावेत. रिमोटने बंद केलेला बॉक्सही वायरीत वीज सोडू शकतो. ती माणसाला इजा करण्याइतकी नसली, तरी वायर जोडताना चुकून स्पर्श झाला तर बॉक्स किंवा एलएनबी निकामी होऊ शकते. खरा धोका वेगळाच आहे. कठडा नसलेली गच्ची, ओले पत्रे आणि छत्रीजवळून गेलेली विजेची तार यांपैकी काहीही असेल, तर ते काम स्वतः करू नये. ढग गडगडत असताना तर गच्चीवर जाऊच नये. खाली शिडी धरायला कोणीतरी असावेच.

जुनी एलएनबी काढण्याआधी ती दांड्यावर किती आत बसली आहे आणि कोणत्या बाजूस किती कलली आहे, याच्या खुणा पेन्सिलीने कराव्यात. हा कल नजरेआड होतो, पण उभ्या-आडव्या लहरी वेगळ्या ओळखणे त्याच्यावरच अवलंबून असते. नवी एलएनबी त्याच खुणांवर बसवावी. छत्रीला मात्र धक्का लागू देऊ नये. ३६,००० किलोमीटर अंतरावरील उपग्रहाकडे रोखलेली ती थाळी एखाद-दुसऱ्या अंशानेही सरकली, तर चित्र जाते.

तशी ती सरकलीच, तर दिशा माहीत असलेली बरी. इंदूरहून जीसॅट-१५ दक्षिण आणि पूर्व यांच्या जवळजवळ मध्ये, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर आहे. कोलकात्याच्या घराला तो दक्षिणेकडे जरासा पूर्वेस कललेला दिसेल, तर तंजावरला सुमारे ६९ अंश, म्हणजे बराच डोक्यावर. पाहणाऱ्याला छत्री समोरच्या घराकडे तोंड करून उभी असल्यासारखी वाटते, त्याने फसू नये. आजच्या छत्र्यांची घडणच अशी असते की त्या दिसतात त्याहून बऱ्याच वर पाहत असतात.

दुसऱ्या खोलीसाठी नवी वायर लागते. ती ‘आरजी-६’ जातीची घ्यावी. तिच्या टोकाला पिन बसवणे हे या साऱ्या कामातले सर्वांत नाजूक काम. वरचे काळे आवरण कापून आतली जाळी मागे वळवावी, मधला पांढरा थर कापावा आणि तांब्याची तार पिनेबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्यावी. जाळीचा एक केस जरी त्या तारेला टेकला, तरी सगळे श्रम वाया जातात. घाईघाईत बसवलेली पिन हेच बहुतेक वेळा ‘सिग्नल नाही’ या तक्रारीचे कारण असते. गच्चीवरील सांध्यावर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळावी. वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून जाईल. कोपऱ्यावर ती काटकोनात मुडपू नये.

सर्व जोडून झाल्यावरच प्लग लावावेत. बॉक्सच्या सूचीत सिग्नलचे दोन पट्टे दिसतात, एक ताकदीचा आणि एक गुणवत्तेचा. पाहायचा तो गुणवत्तेचा. नुसती एलएनबी जोडलेली असली तरी ताकदीचा पट्टा भरलेला दिसू शकतो. छत्री योग्य उपग्रहाकडे पाहत आहे की नाही, हे गुणवत्तेवरून कळते. त्यानंतर नव्या बॉक्सवर वाहिन्यांचा शोध लावावा. दोन्ही खोल्यांत वेगवेगळ्या वाहिन्या लावून त्या बदलून पाहाव्यात. बाहेर सामना आणि आत बातम्या, दोन्ही एकाच वेळी चालू राहिल्या की जोडणी बरोबर झाली.

आषाढातल्या एखाद्या मुसळधार सरीत चित्राचे तुकडे होतील, क्षणभर आवाज जाईल. पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. तेव्हा गच्चीवर धाव घेण्याची गरज नाही. सर ओसरली की बातम्या जिथे असतील तिथून पुन्हा सुरू होतात.