हरवलेल्या ग्रंथाची भाषा

पाचव्या शतकात बुद्धघोष या आचार्यांनी श्रीलंकेत राहून ‘विसुद्धिमग्ग’ हा विख्यात पाली ग्रंथ रचला. माणसांच्या स्वभावांची चर्चा करताना त्यांनी एक मत ‘असे काही जण म्हणतात’ एवढ्याच शब्दांत नोंदवले आहे. हे ‘काही जण’ कोण? पुढे धम्मपाल या टीकाकारांनी त्याचे उत्तर दिले: हे मत उपतिस्स स्थविरांचे असून ते त्यांच्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथात आहे. परंतु तो ग्रंथ मूळ पालीत उपलब्ध नव्हता. तो संपूर्ण टिकला तो केवळ चिनी भाषांतरात, बारा भागांत. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल नावाच्या भिक्षूंनी चीनमध्ये हे भाषांतर केले होते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी या दोन ग्रंथांची तुलना करण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी या विषयाचा अभ्यास केला व १९३७ साली त्यांचे पुस्तक पुण्यात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी शांतिनिकेतनात चीन-भवनाची स्थापना झाली. पालीत पारंगत असलेल्या विद्वानालाही येथे चिनी भाषा अपरिहार्य होती. तीही बोलचालीची नव्हे, दीड हजार वर्षांपूर्वीची.

मराठी भाषकाला चिनी उच्चारांचा एक भाग सोपा जातो. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला भेद चिनीतही अर्थ बदलतो आणि मराठी कानाला तो लहानपणापासून परिचित असतो. स्वरांचे चढउतार मात्र नवे असतात. ‘मा’ या एकाच अक्षराचा अर्थ सुरानुसार आई, घोडा किंवा रागावणे असा होऊ शकतो. लिपीचा प्रश्न त्याहून मोठा. २०१३ साली चीन सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हे आहेत. त्यांतील पहिली ३,५०० नित्याच्या वापराची मानली जातात. ती कष्टाने का होईना, पाठ करता येतात.

खरी कसोटी विद्यापीठातील उच्च अभ्यासक्रमात लागते, कारण तेथे ‘वन-येन’ म्हणजे प्राचीन चिनी गद्य वाचावे लागते. त्यात विभक्तिप्रत्यय नाहीत, क्रियापदाला काळाची रूपे नाहीत आणि जुन्या पोथ्यांत विरामचिन्हेही नसत. वाक्य कोठे संपले, हे वाचकानेच ठरवायचे. ज्याचा उच्चार ‘चर्’सारखा होतो असे एक लहानसे चिन्ह कधी मराठीतील ‘चा-ची-चे’चे काम करते, कधी ‘त्याला’ असा अर्थ देते, तर कधी ‘जाणे’ हे क्रियापद असते. शब्दकोश तिन्ही अर्थ देतो. निवड करणे अभ्यासकाच्या हाती असते.

बौद्ध ग्रंथांत आणखी एक पेच असतो. भाषांतरकारांनी काही शब्दांचा अर्थ घेतला, तर काहींचा केवळ ध्वनी. ‘विमुत्तिमग्गा’चे चिनी नाव ‘ज्ये-थ्वो ताव लुन’ असे आहे. त्यात सोडवणे व सुटणे यांची दोन चिन्हे मिळून ‘विमुक्ती’, ‘ताव’ म्हणजे मार्ग आणि ‘लुन’ म्हणजे शास्त्रग्रंथ. हाच ‘ताव’ लाओत्सेच्या तत्त्वज्ञानाचा केंद्रबिंदू आहे. बौद्ध शब्दाच्या पाठीशी असे दुसरे जगही उभे असते. याउलट ‘प्रज्ञा’ या शब्दासाठी नुसती ध्वनीची चिन्हे योजली आहेत. आधुनिक चिनी शिकलेला विद्यार्थी ती ‘पान-र्वो’ अशी वाचतो, पण परंपरेने त्यांचा उच्चार ‘पो-र’ असा होतो. अशा शब्दांचा अर्थ चिन्हांत शोधत बसणे व्यर्थ असते. येथे संस्कृत-पालीचे ज्ञान उपयोगी पडते आणि या बाबतीत भारतीय अभ्यासकाची बाजू भक्कम ठरते.

बापटांनी चिनी पान आणि पाली पान शेजारी ठेवून तुलना केली. शील, समाधी व प्रज्ञा ही दोन्ही ग्रंथांची मांडणी एकच निघाली. तपशिलात मात्र अनेक ठिकाणी भेद दिसले. बुद्धघोषांनी ज्यांचे नाव सांगितले नव्हते त्या ‘काही जणां’चे मतही चिनी भाषांतरात सापडले.

हे काम तेथेच थांबले नाही. विनयपिटकावरील ‘समन्तपासादिका’ या पाली टीकेचेही एक जुने चिनी रूपांतर आहे. जपानी विद्वान हिराकावा यांच्या सहकार्याने बापटांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. १९७० साली ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रकाशित केले.