वारा साठवायला काय पडतं?

प्रश्न : इंग्लंडच्या समुद्रात शेकडो पवनचक्क्या आहेत, पण वारा जोरात असला की त्या बंद ठेवण्यासाठी कंपन्यांना उलट पैसे देतात, असं वाचलं. त्यापेक्षा ती वीज बॅटरीत भरून का ठेवत नाहीत? युनिटमागे असा कितीसा खर्च येणार?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भरून ठेवतात की! यॉर्कशायरमध्ये हल शहराजवळ पिल्सवुडला २०२२पासून एक मोठी बॅटरी आहे. तिच्यात १ लाख ९६ हजार युनिटं मावतात. पण त्याच किनाऱ्यासमोरचा ‘हॉर्नसी-२’ हा १,३०० मेगावॉटचा प्रकल्प भरवाऱ्यात तेवढी वीज नऊ मिनिटांत तयार करतो. पुढच्या मिनिटांचं काय करायचं?

खर्चाचं म्हणाल, तर बॅटरीच्या किमतीइतकंच ती किती वेळा भरते-रिकामी होते, यावरही सगळं अवलंबून. २०२४मध्ये बॅटरी-पॅकचा जागतिक सरासरी भाव एक युनिट मावेल एवढ्या क्षमतेला ११५ डॉलर होता. धरा, दहा हजार रुपये. रोज एकदा वापरली, तर दहा वर्षांत ३,६५० युनिटं निघतात. युनिटला पडले पावणेतीन रुपये. (व्याज, इन्व्हर्टर, जागा, होणारी घट वेगळी.) तीच बॅटरी वारा पडण्याच्या दिवसांसाठी राखली आणि वर्षातून दहादाच वापरली, तर युनिट जातं शंभर रुपयांवर! पंगतीचं पातेलं कोणी घरात विकत घेऊन ठेवत नाही, ते याचसाठी.

आणि पवनचक्क्या बंद ठेवण्याचे ते पैसे मुख्यतः स्कॉटलंडमध्ये जातात, कारण तिथून दक्षिणेकडे येणाऱ्या तारा अपुऱ्या आहेत. बॅटरी तारांच्या चुकीच्या टोकाला बसवली, तर ती कितीही स्वस्त असो, उपयोग शून्य.

जुना उपाय पाण्याचा. वेल्समधल्या डिनॉर्विगला १९८४पासून जादा विजेने पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. आपल्याकडे घाटघरला हेच चालतं. शंभर युनिटं घातली की पंचाहत्तरेक परत येतात. मात्र असे डोंगर हवे तिथे मिळत नाहीत.

आठवडेच्या आठवडे वारा पडला तर? ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने २०२३च्या अहवालात ३७ वर्षांचं हवामान तपासून कौल दिला हायड्रोजनला. विजेने तो बनवायचा, जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत भरायचा, लागेल तेव्हा त्यापासून पुन्हा वीज करायची. या उलाढालीत निम्म्याहून जास्त वीज गळते, पण पोकळी मोठी करायला बॅटरीच्या मानाने फारच कमी पैसे लागतात. इंग्लंडमधल्या टीसाइडला रसायन कारखान्यांसाठी असा हायड्रोजन १९७२पासून साठवला जातो आहे.