सत्याचा शोध घेणारी धर्मभगिनी



धर्मगुरूने रहस्यकथा वाचाव्यात का, असे एका तरुणाने मला विचारले. मी म्हणालो, ‘का नाही? पवित्र शास्त्रातही एक आहेच की!’ दानिएलच्या पुस्तकातला 13वा अध्याय काढा. दोन वडीलधारे सुसान्नावर व्यभिचाराचा आळ घेतात, जमाव तिला मृत्युदंड देतो. तरुण दानिएल दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरेच. निष्पाप स्त्रीचा जीव वाचतो.

हीच परंपरा इंग्रज लेखक पीटर ट्रेमेन यांच्या सिस्टर फिडेल्माच्या कथांत दिसते. हे त्यांचे टोपणनाव. खरे नाव पीटर बेरेसफर्ड एलिस. ते केल्टिक इतिहासाचे अभ्यासक आहेत. काळ सातव्या शतकाचा. फिडेल्मा ही आयर्लंडमधील किल्डेअरच्या मठातली धर्मभगिनी, मन्स्टरच्या राजघराण्यातली मुलगी आणि प्राचीन आयरिश ‘ब्रेहन’ कायद्याची वकील. या कायद्यात खुनाबद्दलही मुख्यतः मृताच्या कुटुंबाला भरपाई देण्याची तरतूद होती.

पहिली कादंबरी 1994 साली आली. ती घडते इ. स. 664 मध्ये, व्हिटबीच्या धर्मपरिषदेत. ही परिषद खरीच भरली होती. संत बीड यांनी 731 च्या सुमारास पूर्ण केलेल्या इतिहासात तिची हकीकत आहे. वाद होता ईस्टरची तारीख कशी ठरवावी याचा. नॉर्थम्ब्रियाच्या राजवाड्यात तर कधी कधी राजा ऑस्वी ईस्टर साजरा करी, तेव्हा राणी मात्र झावळ्यांच्या रविवारी अजून उपवासात असे! संत हिल्डाच्या मठात दोन्ही बाजू ऐकून राजाने रोमच्या पद्धतीचा स्वीकार केला.

कादंबरीत मात्र परिषदेतच किल्डेअरच्या मठाध्यक्षेचा खून होतो. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात. तेव्हा तपास दोघांवर सोपवला जातो : आयरिश पक्षाची फिडेल्मा आणि रोमन पक्षाचा सॅक्सन ब्रदर एडुल्फ. मते वेगळी, पण पुरावा दोघांसाठी एकच. खुनी कोण, ते मी सांगत नाही!

वाचताना एक सावधगिरी हवी. या कथांत आयरिश म्हणजे उदार आणि रोमन म्हणजे कठोर, असा रंग कधी कधी गडद होतो. पण आयर्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तुटलेली नव्हती. फिडेल्माच्या दक्षिण आयर्लंडने तर व्हिटबीच्या सुमारे 30 वर्षे आधीच रोमची तारीख मान्य केली होती. तीही चौकशी करूनच. त्यांचे दूत रोमला जाऊन निरनिराळ्या देशांचे लोक एकाच दिवशी ईस्टर साजरा करताना पाहून आले होते.

मला या कथा का भावतात? नवा धर्मगुरू असताना एका धर्मग्रामात दानाची काही रक्कम सापडेना. कुजबुज एका गरीब सेवकाकडे वळली. मी आरोप केला नाही. पण त्याची बाजूही विचारली नाही. फक्त त्याच्याशी बोलणे कमी केले. दोन आठवड्यांनी पाकीट एका जुन्या नोंदवहीत सापडले. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘फादर, तुम्ही एकदा विचारलं असतं, तर बरं झालं असतं.’ ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

आपण प्रेमाच्या नावाखाली सत्याचा शोध टाळतो आणि सत्याच्या नावाखाली अफवा पसरवतो. पण प्रश्न विचारणे, दुसऱ्याचे ऐकणे, पुरावा मिळेपर्यंत जीभ आवरणे, हीदेखील शेजारप्रीतीच आहे. आठवी आज्ञा आपल्याला हेच शिकवते.

चिंतनासाठी :
1. कुणाविषयी ऐकीव गोष्टीवरून मी मत बनवले आहे का?
2. त्या व्यक्तीची बाजू मी ऐकली आहे का?
3. या आठवड्यात मी कुणाची क्षमा मागायला हवी?

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू