फार्मसीनंतर ट्रायलमध्ये जायचं, पण ट्रायल म्हणजे काय?

"क्लिनिकल रिसर्च म्हणजे माणसांवर प्रयोगच ना? नको रे बाबा." मुलाने बी.फार्म.ला प्रवेश घेतला की बरेच पालक हे म्हणतात. त्यांच्यासाठी आपल्याच शहराशी नातं असलेलं एक उदाहरण घेऊ. वोखार्ट या औषध कंपनीचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात आहे. याच कंपनीचं नाफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं प्रतिजैविक २० नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी जाहीर केलं. त्यामागे सुमारे १४ वर्षांचं काम होतं.

एवढी वर्षं लागतात ती फेजमुळे. पहिल्या फेजमध्ये मोजक्या, बहुधा निरोगी स्वयंसेवकांना औषध सोसतं का, ते पाहतात. दुसऱ्या फेजमध्ये थोड्या रुग्णांना गुण येतो का आणि डोस किती हवा, ते ठरतं. तिसऱ्यात बऱ्याच रुग्णांवर प्रचलित औषधाशी तुलना होते. बाजारात आल्यावरची देखरेख ही चौथी.

तुलना कशी करतात, ते नीट समजून घ्या. नोकरीच्या मुलाखतीत बरेच प्रश्न इथलेच येतात. नाफिथ्रोमायसिनची तुलना मॉक्सिफ्लॉक्सासिनशी झाली. न्यूमोनियाच्या रुग्णाला नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, देऊन वाट पाहणं अनैतिक ठरलं असतं. कोणाला कोणतं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. ती निवड यदृच्छेने होते, त्याला रँडमायझेशन म्हणतात. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी कोणती ते ठाऊक नसलं की ट्रायल 'डबल ब्लाइंड' झाली. पण एक औषध तीन दिवसांचं आणि दुसरं सात दिवसांचं असेल तर गुपित लगेच फुटेल. अशा वेळी उरलेल्या चार दिवसांसाठी प्लासिबो देतात. तोवर खऱ्या औषधाचा कोर्स पूर्ण झालेला असतो. अशा ट्रायलमध्ये नवं औषध जुन्याहून सरस आहे, हे दाखवायचं नसतं. ते आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडत नाही, एवढंच सिद्ध करायचं असतं. याचं नाव 'नॉन-इन्फिरिऑरिटी'. कोर्स सातऐवजी तीन दिवसांचा होणार असेल, तर तेवढंही पुष्कळ आहे.

आता पालकांची भीती. २०१९च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय ट्रायल सुरूच होत नाही आणि कमिटीचे निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवं. त्याला कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. गंभीर दुष्परिणाम दिसला तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं.

यातल्या बऱ्याच नोंदी ट्रायल चालते तिथला कोऑर्डिनेटर ठेवतो. नोकरीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. फार्मसीवाल्यांखेरीज बीएएमएस, बीएचएमएस, बी.एस्सी. झालेलेही येतात. पुढे मॉनिटर, डेटा मॅनेजमेंट, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं) अशा वाटा आहेत. संख्याशास्त्रवाल्यांनाही मागणी असते. मात्र या जागा प्रामुख्याने पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूत आहेत, हे घरात आधीच बोलून घ्या. पांढरा कोट घालून नवं औषध शोधण्याचं स्वप्न असेल तर निराशा होईल. हे काम कागदांचं, तारखांचं आणि खाडाखोडीवरही सही करण्याचं आहे.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या महागड्या कोर्सची फी भरण्याआधी सीटीआरआय ही सरकारी नोंदवही उघडा. भारतातल्या ट्रायलची नोंद तिथे फुकट वाचता येते. त्यातली एक मुलाला वाचायला द्या. कोणाला सामील करून घेतलं, कोणाला वगळलं, यश कशावर मोजणार, हे वाचताना त्याने दोन-तीन शंका काढल्या, तर फीचा विचार करायला हरकत नाही.