सार्वजनिक जागेतील व्यवसाय-परवाना : रद्द करण्याचा अधिकार आणि त्याच्या मर्यादा

जिल्हा कचेरीच्या आवारातील उपाहारगृह, महापालिकेच्या मंडईतील गाळा, विमानतळावरील फराळाचे दुकान या सर्वांत एक गोष्ट समान असते. जागा सार्वजनिक मालकीची आणि व्यवसाय खाजगी व्यक्तीचा. परवाना देताना उभय पक्ष समाधानी असतात. तंटा उभा राहतो तो परवाना संपविण्याची वेळ आली म्हणजे. ‘जागा आमची आहे, केव्हाही काढून घेऊ’, असे कार्यालय म्हणते. ‘पंधरा वर्षे येथे बसलो आहे, आता मला कोण उठविणार?’ असे परवानाधारक म्हणतो. कायद्याला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. त्या का मान्य नाहीत, हे समजून घेतल्यास पुष्कळसे दावे टळू शकतील.

परवाना की भाडेपट्टा?

भाडेपट्ट्याने जागेतील काही हितसंबंध भाडेकरूकडे जातो. परवान्याने तसे होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ५२ प्रमाणे परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर एरवी जे करणे बेकायदेशीर ठरले असते, ते करण्याची केवळ मुभा होय.

तथापि कागदाच्या माथ्यावर ‘परवाना’ असे लिहिल्याने प्रश्न सुटत नाही. दिल्लीतील एका खाजगी हॉटेलात केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिलेल्या दोन खोल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, १९५९ साली न्या. सुब्बा राव यांनी याबाबतच्या कसोट्या सांगितल्या. दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्याचा आशय पाहावा, जागेत हितसंबंध निर्माण करण्याचा पक्षांचा हेतू होता काय हे तपासावे, आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे आहे याचाही विचार करावा, असे त्यांचे सार आहे. म्हणूनच जागेवरील नियंत्रण, वापराच्या वेळा, मुदत आणि शुल्क यांविषयीच्या अटी करारात स्पष्ट असाव्या लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले होते. परंतु शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या जागांना तो कायदा लागू नव्हता. सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हाही त्यांना लागू नाही.

परवाना केव्हा रद्द करता येतो?

सर्वसाधारण नियम असा की, परवाना देणाऱ्यास तो रद्द करता येतो. कलम ६० मध्ये याला दोन अपवाद आहेत. परवान्याबरोबर मालमत्तेचे हस्तांतरण झाले असेल, किंवा परवान्यावर विसंबून परवानाधारकाने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर तो रद्द करता येत नाही. दुकानातील फळ्या व कपाटे हे कायम स्वरूपाचे बांधकाम नव्हे. परंतु कार्यालयाच्या डोळ्यांदेखत पक्की इमारत उभी राहिली आणि कोणी हरकत घेतली नाही, तर पुढे हाच मुद्दा कार्यालयावर उलटतो.

परवाना रद्द झाला तरी परवानाधारकाचे सर्व हक्क संपत नाहीत. कलम ६३ प्रमाणे जागा सोडण्यास व आपला माल हलविण्यास त्याला वाजवी अवधी मिळतो. मोबदला देऊन परवाना घेतला असेल आणि स्वतःचा दोष नसता मुदतीपूर्वी त्याला काढले गेले, तर कलम ६४ प्रमाणे त्याला भरपाई मागता येते.

बळाचा वापर नाही

पंजाबातील बर्नाळा येथे सरकारी जमिनीवर परवानगीने धर्मशाळा, मंदिर व दुकाने बांधण्यात आली होती. पुढे अधिकाऱ्यांनी केवळ प्रशासकीय आदेशाने त्यांचा ताबा घेतला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कृती बेकायदेशीर ठरविली. जमीन सरकारची असली तरी तिचा ताबा कायद्याच्या मार्गानेच घेतला पाहिजे, हा त्या निकालाचा धडा आहे.

हा मार्ग जलद व्हावा म्हणून खास कायदे झाले. महाराष्ट्रात शासकीय जागांसाठी १९५५ चा निष्कासन कायदा आहे; मुंबई महानगरपालिकेच्या अधिनियमात कलम १०५-अ पासूनचे प्रकरण आहे; आणि केंद्र शासनाच्या जागांसाठी १९७१ चा सार्वजनिक जागा अधिनियम आहे. या केंद्रीय कायद्यानुसार परवान्याची मुदत संपल्यावर किंवा तो रद्द झाल्यावर जागेत राहणे म्हणजे अनधिकृत कब्जा होय. तेथे संपदा अधिकारी कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणे ऐकतो आणि सकारण आदेश काढतो. त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे १२ दिवसांत अपील करता येते.

या कायद्यांचीही कसोटी लागली. चंदीगड येथील एका हॉटेलाच्या प्रकरणात १९६७ साली पंजाबच्या कायद्यातील निष्कासनाचे कलम अवैध ठरले. दिवाणी दावा किंवा जलद कारवाई यांपैकी हवा तो मार्ग निवडण्याची मोकळीक अधिकाऱ्यास देणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे त्या वेळी बहुमताने ठरले. मात्र मगनलाल छगनलाल विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका या प्रकरणात १९७४ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरविला आणि मुंबईतील तरतुदी वैध ठरविल्या. नोटीस, सुनावणी व अपील यांची सोय असल्यामुळेच ही जलद कार्यपद्धती न्याय्य ठरली, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. या पायऱ्या गाळल्या तर कायद्याचा आधारच निसटतो.

शासन हे सामान्य मालक नव्हे

मुंबई विमानतळावरील एक उपाहारगृह व दोन फराळाची दुकाने चालविण्याच्या परवान्याबाबत १९७९ साली महत्त्वाचा निकाल लागला. निविदेत पात्रतेची जी अट जाहीर केली, ती प्राधिकरणाला मनास येईल तशी बाजूला ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. परंतु अर्जदाराने दाद मागण्यास उशीर केला होता आणि दरम्यान परवानाधारकाने सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते. म्हणून परवाना रद्द झाला नाही. मुंबई बंदराच्या जागेसंबंधी १९८९ साली दिलेल्या निकालातही सार्वजनिक संस्थेने मालक म्हणून वाजवीपणे वागले पाहिजे, हे तत्त्व स्पष्ट झाले.

व्यवहारात काय करावे?

समजा, कचेरीच्या आवारातील उपाहारगृहाचे शुल्क अनेक महिने थकले आहे. अशा वेळी कुलूप लावणे सोपे वाटते. पण त्यानेच मनाई हुकूम मिळविण्यास निमित्त मिळते. त्याऐवजी करारातील कोणत्या अटीचा भंग झाला, कोणत्या तारखेपासून व किती रकमेचा, हे नोटिशीत लिहावे. ती बजावल्याचा पुरावा ठेवावा. खुलाशातील प्रत्येक मुद्द्याला आदेशात उत्तर द्यावे. मुदत संपल्यानंतर शुल्क स्वीकारावयाचे झाल्यास ते नुकसानभरपाईपोटी व हक्क राखून स्वीकारले, असे पावतीवर नमूद करावे. अन्यथा परवाना पुढे चालू राहिला, असा युक्तिवाद होतो.

परवानाधारकानेही मूळ करार व पावत्या जपाव्यात, लेखी परवानगीशिवाय बांधकाम करू नये, जागा दुसऱ्यास परस्पर देऊ नये आणि नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे.

सार्वजनिक जागा ही सर्व जनतेची ठेव आहे. तिचा उपयोग बदलण्याचा अधिकार संस्थेकडे असलाच पाहिजे. पण त्या जागेवर एखाद्या कुटुंबाची भाकरीही अवलंबून असते. नोटीस, सुनावणी व सकारण आदेश या तीन पायऱ्यांनी या दोहोंचा मेळ बसतो. त्या चढण्यास लागणारे काही आठवडे हे न्यायालयात जाणाऱ्या वर्षांपेक्षा निश्चितच स्वस्त होत.