समुद्राचा देव आणि नारळी पौर्णिमा



प्राचीन ग्रीक लोकांचा समुद्रदेव म्हणजे पोसायडन. हातात त्रिशूळ, स्वभाव तापट. त्याने त्रिशूळ आपटला की भूकंप होतो, असे ते मानीत. ओडिसियसने त्याच्या मुलाचा, पॉलिफेमसचा, डोळा फोडला; म्हणून पोसायडनने त्याला वर्षानुवर्षे घरी पोहोचू दिले नाही.

आपल्याकडे समुद्राचा स्वामी वरुण. त्याचे वाहन मकर, दिशा पश्चिम. ऋग्वेदात तो ‘ऋत’ म्हणजे सृष्टीच्या नियमांचा रक्षक आहे. नियम मोडणाऱ्याला तो आपल्या पाशात बांधतो.

नियम पाळणे म्हणजे काय, हे कोळी बांधवांकडून शिकावे. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि पुष्कळ मासे याच काळात अंडी घालतात. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा मासेमारी सुरू होते. २०१५ साली केंद्र सरकारनेही मासेमारीबंदी ४७ दिवसांवरून ६१ दिवसांची केली. थांबल्याने तेवढ्या दिवसांची कमाई बुडते. पण कोणीच थांबले नाही, तर पुढे जाळ्यात मासाच येणार नाही.

आमलीला समुद्र नाही, पण येथून वाहणारी दमणगंगा दमणला अरबी समुद्रास मिळते. आपण नदीत टाकलेली प्लास्टिकची पिशवीही त्याच वाटेने जाते. तेव्हा नारळी पौर्णिमेला घरी नारळीभात खाताना एक नियम आपणही करू या: नदीत कचरा टाकायचा नाही.